जावईबापूंची दोरी

परक्या ठिकाणी पिशवी अडकवायला खुंटी मिळाली की माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. मला तसं वाटलं आणि तिथेच घात झाला. दाराशेजारी, बरोबर खांद्याच्या उंचीवर, एका पिवळ्या डबीतून बाहेर आलेली लाल, गोल, गुबगुबीत खुंटी होती. मी तिच्यावर पिशवी अडकवली. बंद नीट बसेना, म्हणून जरा दाबून अडकवली.

खोलीच्या मधोमध एक माणसाएवढा यंत्रमानव माझ्याकडे पाठ करून चालत होता. त्याचं एक पाऊल हवेत होतं. ते तसंच राहिलं आणि बाकीचा देह खाली आला. वाळत घातलेली ओली चादर दोरीवरून निसटावी तसा आला. छताच्या सरकत्या कप्पीतून आलेली एक दोरी त्याच्या खांद्यांना बांधलेली होती, म्हणून डोकं फरशीवर आपटायचं वाचलं. ते कपाटावर आपटलं. गुडघे मात्र दणकन फरशीवर टेकले, आणि डाव्या गुडघ्याची वाटी निघून घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबली. मी ती उचलली. अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं, म्हणून विचारलं, "फार लागलं का हो?"

कुणीही हसलं नाही.

दोरीचं दुसरं टोक हातात धरून एक जाड चष्म्याचे गृहस्थ उभे होते. त्यांनी आधी यंत्रमानवाकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. "ती खुंटी नाही," ते म्हणाले. "ते बटण आहे. संकट आलं की दाबायचं."

"पण संकट तर दाबल्यावर आलं."

"तेच म्हणतोय."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलामागून एक बाई उठल्या. वय निवृत्तीच्या पलीकडचं, केस बारीक कापलेले, डोळ्यावर घड्याळजी लावतात तसलं भिंग. त्या आल्या, माझ्या हातातली वाटी घेतली, ती उजेडात धरून फिरवून पाहिली. माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहण्यासारखं जे होतं ते त्यांच्या हातात होतं.

"दोरी यांना द्या," असं त्या चष्मेवाल्यांना म्हणाल्या आणि आपल्या टेबलाकडे निघून गेल्या.

त्या खोलीचा एक नियम होता. ज्याच्यामुळे यंत्र पडेल, त्याने पुढे दोरी धरायची, आणि दुसरा कुणी पाडेपर्यंत धरायची. यंत्र चालेल तसं त्याच्या बाजूने दोरी घेऊन चालायचं. तोल गेला तर आवळायची. पगारी माणसापेक्षा ओशाळलेला माणूस चांगली राखण करतो, हे त्यामागचं तत्त्व. मी तिथे त्या संशोधन संस्थेचं माहितीपत्रक लिहायला आलो होतो. तासाभराचं काम. माहितीपत्रक लिहून झालं, छापून झालं, वाटून झालं. तरी मी रोज दुपारी जाऊन दोरी धरत होतो. आमच्या हिचं म्हणणं असं, की घरी मी पडदे लावताना कधी शिडी धरली नाही, आणि बाहेर लोखंडाच्या बाहुल्याला दोरी धरून फिरवतो. म्हणणं खोटं नव्हतं.

यंत्रमानवाला सगळे 'जावईबापू' म्हणत. ते उठले की सगळे उठायचे, ते थांबले की सगळ्यांचे श्वास थांबायचे, आणि रुसले तर का रुसले ते सांगायची पद्धत नव्हती. त्यांना चालायला शिकवणारे, म्हणजे कुठलं पाऊल कधी टाकायचं याचा हिशेब लिहून देणारे ते चष्मेवाले. त्यांना चालमास्तर म्हणत. आणि जावईबापूंच्या अंगातली सगळी वीज, ती कुठे जावी, किती जावी, कधी थांबावी, हे ठरवणारे बोर्ड घडवणाऱ्या त्या भिंगवाल्या बाई. त्यांना गुडघेबाई म्हणत. अर्थात पाठीमागे.

या नावाचीही गंमत होती. बाई गुडघ्यांवर काम करतात एवढं ऐकून रखवालदाराची बायको एकदा तेल मागायला आली. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, गुडघा वाकवायला लावला, कान जवळ नेऊन ऐकलं आणि सांगितलं, "खटका ऐकू येतो. डॉक्टरकडे जा." ती गेली, तिचं खरंच काही निघालं, आणि तेव्हापासून संस्थेतल्या निम्म्या लोकांना वाटायचं की बाईंचा मूळ धंदा तोच असावा.

बाईंच्या खोलीत सहा टेबलं होती. पूर्वी प्रत्येकाला माणूस होता. मग गावात काचेच्या इमारतीतली एक मोठी कंपनी आली आणि एकेक जण तिकडे गेला. प्रत्येक जण जाताना म्हणायचा, "बाई, तुम्हीपण चला." बाई म्हणायच्या, "हातातलं संपू दे." त्यांच्या हातातलं कधी संपलं नाही. माणसं गेली, टेबलं राहिली. बाई एका टेबलावर सोल्डरचे डाग द्यायच्या, दुसऱ्यावर मोजमाप करायच्या, तिसऱ्यावर आकृत्या काढायच्या, चौथ्यावर हत्यारं ठेवायच्या, पाचव्यावर डबा खायच्या. दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर जा-ये चालायची. एकट्या बाईने सगळ्यांची वर्दळ राखली होती.

खिडकीजवळचं सहावं टेबल मात्र कोरं असायचं. "तिथे काही ठेवत नाही का?" मी एकदा विचारलं.

"ऊन येतं."

त्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची उंच भिंत होती. तिथे ऊन आलेलं मी कधी पाहिलं नाही.

माझ्या पिशवीची सोय मात्र दुसऱ्याच दिवशी झाली होती. लाल बटणापासून त्या खोलीत जितकं लांब जाता येईल तितक्या लांब, खिडकीजवळच्या त्या कोऱ्या टेबलाच्या वर, भिंतीत एक नवा खिळा दिसला. कुणी ठोकला ते कुणी सांगितलं नाही. बाई डोळ्यांनी तिकडे दाखवून फक्त "इथे" म्हणाल्या.

बाईंचं काम मला समजायला वेळ लागला, पण समजलं ते असं. पूर्वी जावईबापूंच्या छातीत एकच मोठा बोर्ड होता. जुन्या घरात एकच कर्ता असतो आणि भाजीत मीठ किती घालायचं हेही त्याला विचारावं लागतं, तसला कारभार. गुडघ्याला वाकायचं असलं की तो वायरींच्या जुडग्यातून छातीला विचारायचा, छाती विचार करायची, उत्तर खाली यायचं, तोवर पाऊल टेकून गेलेलं असायचं. त्यात भर म्हणजे वायरी जितक्या लांब तितकी वाटेत खोटी खबर घुसायची. आणि लाल बटण दाबलं की कर्ताच गेला. सगळं घर कोसळायचं. ते मी स्वतः पाहिलं होतं.

बाईंनी कर्त्याचे अधिकार काढून घेतले. घोट्यात एक, गुडघ्यात एक, कमरेत एक असे तळहाताहून लहान बोर्ड केले. प्रत्येक सांधा आपण किती वाकलो ते आपणच मोजणार, आपली मोटर आपणच फिरवणार. छातीने फक्त कुठे जायचं तेवढं सांगायचं. कसं जायचं हे ज्याचं त्याने बघावं.

"आणि वीज गेली तर?" मी विचारलं. त्या बाबतीत माझा अनुभव दांडगा होता.

बाईंनी एक सुटी मोटर माझ्या हातात दिली. "फिरवा."

मी दांडा फिरवला. भिंगरीसारखा फिरला. मग त्यांनी मोटरच्या मोकळ्या तारांची टोकं एकत्र पिळली. "आता फिरवा."

दांडा फिरत होता, पण घट्ट चिखलातून फिरवावा तसा. जितका जोर लावावा तितका तो मागे ओढत होता.

"आतून कुणी धरलंय का याला?"

"कुणी नाही. त्याचा तोच धरतो." त्यांनी मोटर परत घेतली. "वीज गेली की माझा बोर्ड फक्त एवढंच करतो. तारा जोडून देतो. मग गुडघा सावकाश मिटतो. हे जमलं पाहिजे."

हे जमलं नाही तर काय, तेही सगळ्यांना माहीत होतं. बाईंची नोकरी कागदोपत्री संपलीच होती. या कामापुरती मुदत वाढवून मिळाली होती. बाहेरून एक समिती पाहणीला येणार होती. तिच्यासमोर जावईबापू बाईंच्या बोर्डांवर चालले तर काम पुढे चालणार, खोली राहणार, बाई राहणार. नाही चालले तर बाहेरून तयार बोर्ड विकत आणायचे, आणि ही खोली जुन्या खुर्च्या ठेवायला द्यायची. संस्थेचे साहेब भले गृहस्थ होते. वाईट बातमीसुद्धा "आपण बघू" म्हणून द्यायचे. पण यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

खोली गेली तर बाईंनी कुठे जायचं, तेही ठरलेलं होतं. दर शनिवारी दुपारी वहिनींचा फोन यायचा. बाईंचे दोन्ही हात कामात, म्हणून फोन टेबलावर आडवा ठेवलेला आणि वहिनींचा आवाज खोलीभर.

"वन्सं, खोलीला रंग दिला हो. पिस्ता."

"हं."

"ह्यांनी पलंग भिंतीला लावून घेतलाय. झोपेत पडायची भीती नको."

"मी पडत नाही, वहिनी."

"अहो, आत्ता नाही, पण वय काय सांगून येतं? आणि इथे तुम्हाला इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही. सगळं आयतं हातात."

"हं."

"चाललं का ते तुमचं?"

"चालेल."

"नाही चाललं तरी मनाला लावून घेऊ नका. आम्ही आहोत ना."

फोन बंद झाला की बाई थोडा वेळ हातातलं काम न करता नुसत्याच भिंगातून बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "वहिनी फार चांगल्या आहेत." एखाद्या जुनाट दुखण्याचं नाव सांगावं तशा म्हणाल्या.

एकदा एक जड खोकं पोहोचवायला मी त्यांच्या घरापर्यंत गेलो होतो. संस्थेच्या मागेच, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, लख्ख, कुठे धूळ नाही की पसारा नाही; वापरलेलं घर वाटण्यापेक्षा नीट मिटून ठेवलेलं घर वाटावं असं. मी दाराची घंटा दाबत राहिलो होतो, ती वाजतच नव्हती. विजेचं एवढं शास्त्र हातात असलेल्या बाईची घंटा बंद! मी तसं हसून म्हणालो. बाईंनी खोकं कुठे ठेवायचं ते दाखवलं आणि म्हणाल्या, "वाजवणारं कोण आहे?" त्यात तक्रार नव्हती. बल्ब गेला आहे हे सांगावं तसं सांगितलं. मला मात्र जिना उतरताना आपले बूट फार वाजताहेत असं वाटत राहिलं.

नवे बोर्ड पायांत बसले आणि जावईबापू चालू लागले. काय चालले म्हणून सांगू! कमरेत लचक नाही, गुडघ्यात थरथर नाही. मी शेजारून दोरी घेऊन चालतोय, चालमास्तर उलट पावलांनी समोरून चालत "या, या, या" करताहेत. साहेब रोज येऊन बघायचे आणि खूश होऊन जायचे. माझीही छाती फुगली. कुणाला सांगायचं नाही, पण मनात आपलं असं, की आपल्या हाताला काही गुण असावा.

मध्ये मला मावशीला भेटायला परगावी जावं लागलं. परत आलो तर खोलीत सुतक. मी नव्हतो तेव्हा चालमास्तरांनी दोरी धरली होती. जावईबापू खोलीच्या मध्यापर्यंत गेले आणि गुडघा तापू लागला. बाईंनी वेळीच चालणं थांबवलं, म्हणून पडण्याची वेळ आली नाही.

"आता आलात ना?" चालमास्तर माझ्या हातात दोरी देत म्हणाले. "तुम्हीच धरा बाबा. माझ्या हाताला यश नाही."

मी धरली. जावईबापू झकास चालले. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

बाईंनी सोडला नाही. त्या दिवशी त्या मोजमापाच्या टेबलावरून उठल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर दोरी आणि जावईबापूंचे खांदे यांच्यामध्ये एक आकड्याचा वजनकाटा लटकत होता. प्रवासाला निघताना बॅगेचं वजन बघतात तसला.

"धरा," बाई म्हणाल्या. "नेहमीसारखी. वेगळं काही करू नका."

मी नेहमीसारखी धरली. चालमास्तर काट्याजवळ डोळे नेऊन वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"अहो लेखक," ते म्हणाले, "तुम्ही एका शाळकरी पोराएवढं ओझं उचलून धरलंय!"

माझा विश्वास बसेना. मी दोरी ओढत नव्हतो. निदान मी ओढत नव्हतो. हात ओढत होते. जावईबापूंचं पाऊल उचललं की माझी मूठ आपोआप खाली जायची. हातातून एकदा निसटलेली कपबशी माणूस पुढे जन्मभर दोन्ही हातांनी धरतो, तसलाच प्रकार. इतके दिवस जावईबापू अर्धे बाईंच्या बोर्डांवर चालत होते आणि अर्धे माझ्या खांद्यावर.

"तुम्ही आलात की यंत्राचं वजन उतरत होतं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं माझंच मोजायला चुकतंय."

"पडेल अशी भीती वाटायची हो."

"पडला असता तर मला कळलं असतं."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रागावल्या नाहीत. काटा काढून त्यांनी जागच्या जागी ठेवला. "नियमातच चूक आहे," एवढं म्हणाल्या. "पाडलेला माणूस दोरी ओढतो."

चालमास्तरांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बाई, पाहणी जवळ आलीय. यांनाच धरू दे ना दोरी. थोडीशीच ताणून. समितीला दोरी म्हणजे दोरी. तिचा झोळ कोण मोजत बसणार आहे?"

मी मान हलवली. जोरात हलवली. बाईंची खोली वाचणार असेल तर मी जावईबापूंना खांद्यावर घेऊन चालायलाही तयार होतो.

"हा उद्या कुणाच्या घरी कामाला जाईल," बाई म्हणाल्या. "त्या घराच्या छताला कप्पी असेल?"

 बाई उठल्या, साहेबांकडे गेल्या आणि आतापर्यंतचं सगळं चालणं रद्द धरा म्हणून सांगून आल्या. साहेबांचा पडलेला आवाज आम्हाला इकडे ऐकू आला: "बाई, हे आत्ता सांगायलाच हवं होतं का?" त्यावर बाईंचा एकच शब्द: "हो."

पूर्ण भार आल्यावर गुडघा तापत होता, आणि तापला की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत होता. त्याच्यावरचे जे ट्रान्झिस्टर मोटरला वीज पुरवतात ते वरच्या बाजूला होते, गुडघ्याच्या वाटीखाली; तिथे वारा शिरायला जागा नाही. बाईंनी तो गुडघा हातात घेऊन बराच वेळ नुसता उलटसुलट केला. मग म्हणाल्या, "मांडी आयती रिकामी आहे." सगळे तापणारे भाग त्यांनी बोर्डाच्या पोटाशी नेले आणि मध्ये एक मऊ पातळ पट्टी घालून बोर्ड थेट मांडीच्या ॲल्युमिनियमवर आवळून बसवायचं ठरवलं. गुडघ्याचा ताप मांडीने घ्यायचा.

नवे बोर्ड घडून येईपर्यंत चालण्याचं काही कामच नव्हतं. तरी मी दुपारी जात होतो. बाई नको म्हणाल्या नाहीत. या असंही म्हणाल्या नाहीत. बोर्ड आले तेव्हा त्या डाग देत असताना मी दिवा धरून उभा राहायचो. ताणण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं असावं.

"पूर्वी इथे फार बोलणं चालायचं," एकदा त्या आपणहून म्हणाल्या. "त्यापायी कामात चुका व्हायच्या."

"आता होत नाहीत ना?"

सोल्डरच्या धुराची रेघ वर गेली. त्यांनी फुंकर घालून ती विरवली. "होतात. पण झाली तर सांगायची कुणाला?"

मी दिवा जरा जवळ नेला. दुसरं काय करणार?

पाहणीच्या दिवशी समितीची मंडळी भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर ओळीने बसली. दोरी माझ्याच हातात. चालमास्तर दुसरा कुणीतरी शोधा म्हणत होते, पण बाई म्हणाल्या, "नियम आहे." त्यांनी दोरीला एके ठिकाणी लाल दोरा बांधला होता. "हा तुमच्या कमरेच्या खाली जाता कामा नये. गेला की तुम्ही ओढताय." लाज वाटली, पण सोयही झाली. नजर जावईबापूंवर न ठेवता त्या दोऱ्यावर ठेवायची, एवढंच काम.

जावईबापू निघाले. पावलांचा आवाज वेगळा येत होता. पूर्वी टक टक यायचा, आता धप धप. आपलं सगळं वजन आपणच घेतल्याचा आवाज. दोऱ्याखाली दोरीचा झोळ नुसता हलत होता. ते दाराशी गेले, वळले, परत आले. चालमास्तरांच्या ओठांवर "या, या" होतं. बाई कोपऱ्यात हाताची घडी घालून गुडघ्याकडे बघत होत्या. समितीतले एक टकले गृहस्थ पुढे वाकले.

"छान," ते म्हणाले. "पण वीज गेली तर?"

"त्याची वेळ येणार नाही, आपण..." साहेब म्हणू लागले.

बाई भिंतीपाशी गेल्या. जावईबापूंचं एक पाऊल हवेत होतं. बाईंनी लाल बटण दाबलं.

साहेबांनी डोळे मिटले. माझ्या मुठी खाली गेल्या, लाल दोरा कमरेशी आला, आणि तिथे त्या मुठी मी कशा थांबवल्या ते माझं मला माहीत. जावईबापूंचं उचललेलं पाऊल हळूहळू खाली आलं. मग गुडघे सावकाश मिटू लागले. बाजारातून दमून आलेला म्हातारा माणूस पायरीवर हात टेकून खाली होतो, तसे ते खाली खाली होत गेले आणि फरशीवर टेकले. कपाटाची काचसुद्धा खणखणली नाही. दोरी तरीही सैलच होती.

टकले गृहस्थ उठून टाळ्या वाजवू लागले. बाकीच्यांनी वाजवल्या. जाता जाता ते साहेबांना म्हणाले, "यांची खोली कुठे हलवू नका हं." साहेब म्हणाले, "छे, छे, तसं कधी ठरलंच नव्हतं!" आणि सगळी मंडळी चहाला मोठ्या दालनात गेली. चालमास्तर तर समितीच्या पुढेच धावले. बाईंना कुणीतरी "या ना" म्हणालं, पण ते म्हणता म्हणता ते स्वतः जिन्यापर्यंत पोहोचलेसुद्धा.

खोलीत बाई, मी आणि फरशीवरचे जावईबापू. बाई त्यांच्याजवळ खाली बसल्या आणि लहान मुलाचा ताप बघतात तसा हाताचा मागचा भाग त्यांच्या मांडीला लावला. मग गुडघ्याला. "तापला नाही," म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"चाललं का हो, वन्सं?"

"चाललं."

 "म्हणजे तुम्ही येत नाही."

"नाही, वहिनी."

"एवढा रंग दिला..."

"ती खोली दादाला पेपर वाचायला होईल."

"अहो, पण एकट्या काय करणार आहात तिथे?"

बाईंनी खोलीभर एकदा नजर फिरवली. सगळ्या टेबलांवरून ती फिरली आणि खिडकीजवळच्या टेबलावर थांबली. "काम आहे," त्या म्हणाल्या. वहिनी आणखी थोडं बोलल्या, मग त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला. खालून कपबशांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. बाईंनी पेचकस घेतला आणि गुडघ्याची वाटी उघडायला घेतली.

मी दोरी गुंडाळू लागलो. गुंडाळायला फार वेळ लागला नाही. खिळ्यावरची पिशवी काढली, पुन्हा अडकवली, पुन्हा काढली. आता इथे यायला मला काही निमित्त उरलेलं नाही, हे मला त्या क्षणी कळलं. बटण दाबलं होतं बाईंनी. नियम सगळ्यांना सारखा. मी दोरीचं टोक त्यांच्यापुढे धरलं आणि शक्य तितकं हसून म्हणालो, "बाई, या खेपेला पाडणाऱ्या तुम्ही. दोरी तुमच्याकडे आली, मी सुटलो. उद्यापासून मी नाही आलो तरी चालेल."

बाईंनी दोरी घेतली नाही. वर पाहिलंसुद्धा नाही. एक स्क्रू काढून तळहातावर ठेवला, आणि दुसऱ्याला पेचकस लावता लावता म्हणाल्या, "तो पडला नाही, बसला."